बशीतली चिल्लर

(एलूल महिन्यात, ‘की तेत्से’ पाराशाच्या आठवड्यात रविवारी सायंप्रार्थनेनंतर दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



एलूल महिना हा आपल्याकडे हिशेबाचा महिना मानला जातो. ‘की तेत्से’ या पाराशावर बोलावे अशी कार्यकारिणीने मला आज्ञा केली. या पाराशात युद्ध आहे, विवाह आहे, वारसा आहे, हरवलेले जनावर परत करण्याचा नियम आहे आणि पक्ष्याच्या घरट्याचाही आहे. एवढ्या ऐवजातून मी दोनच वचने निवडली आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक बशी. बशी उपाहारगृहातली आहे. विषय क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. मलाही तो शावूओतपर्यंत क्षुल्लकच वाटत होता.

शावूओतनंतर आपली सहल किन्नेरेतला गेली होती, हे आपणांपैकी अडतीस जणांना आठवत असेल. परतताना आपण एका कशेर उपाहारगृहात जेवलो. दर माणशी ऐंशी शेकेल ठरले होते, म्हणजे एकूण तीन हजार चाळीस. ती रक्कम मी निधीतून कार्डाने चुकती केली. बिलाच्या तळाशी ‘शेरूत लो कलूल’ असा शिक्का होता, अर्थात वाढणाऱ्यांचा मोबदला यात धरलेला नाही. तेव्हा मी उभा राहून म्हणालो, “मंडळी, वेटरसाठी प्रत्येकाने काहीतरी ठेवा.” आणि बसपाशी माणसे मोजायला निघून गेलो. ‘काहीतरी’ हा शब्द माझा. त्याचे पुढे जे झाले त्यात पहिला दोष माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तीन आठवड्यांनी आपल्याच एका आजींकडून मला उरलेली हकीकत समजली. गुडघ्यांमुळे त्या सहलीला आल्या नव्हत्या. त्यांची नात उत्तरेकडे शिकते आणि संध्याकाळी त्याच उपाहारगृहात काम करते. आपली मंडळी येणार हे तिला ठाऊक होते. तिने व्यवस्थापकाकडून आपली मेजे मागून घेतली होती. ही माझी माणसे आहेत, माझ्या आजीच्या सिनेगॉगची, असे सोबतच्यांना अभिमानाने सांगितले होते. स्वयंपाक्याच्या मागे लागून तिने प्रत्येक मेजावर हिरव्या मिरच्या आणि लिंबाच्या फोडी ठेवविल्या होत्या. तुम्हांला त्या मिरच्या आठवत असतील. त्या आपोआप आल्या नव्हत्या.

आपण गेल्यावर तिने आणि तिच्या तीन सोबत्यांनी बश्या गोळा केल्या. एकूण रक्कम भरली एकशे एक्केचाळीस शेकेल आणि सत्तर अगोरोत. त्यात नोटा दोन, वीस-वीसच्या. बाकी सारा खुर्दा. दहा अगोरोतची नाणी एकशे सतरा होती. हा आकडा तिला पाठ होता, कारण मोजणारी तीच होती. त्या एका नाण्याचे वजन चार ग्रॅम असते. म्हणजे आपण जवळजवळ अर्धा किलो पितळी रंगाचा धातू मागे ठेवून आलो आणि त्याची किंमत होती अकरा शेकेल सत्तर अगोरोत. काही नाणी कागदी रुमालात गुंडाळलेली होती, काही लोणच्याच्या वाटीत. चौघांत वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस शेकेल आणि वर थोडी चिल्लर आली. सोबत्यांपैकी कुणीतरी हसून तिला विचारले, “ही तुझी माणसे ना?”

आजींनी मला बोल लावला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, की नात आता घरी आली तरी सिनेगॉगला यायला तयार होत नाही.

आता आपली बाजूही मांडली पाहिजे, आणि ती मी मनापासून मांडतो. आपण कंजूष लोक नाही. आपल्या घरी आलेला माणूस न जेवता गेला, असे मी पाहिलेले नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात एक बरणी असते आणि तिच्यात वर्षानुवर्षे नाणी पडत असतात. त्या बरणीला इतिहास आहे. आपले आईवडील दिमोनाला, येरुहामला, लोदला उतरले तेव्हा अगोरा ही खरोखरीची रक्कम होती. तिच्यात बसचे भाडे होते, पाव होता. पुढे १९८० साली लिरा जाऊन शेकेल आला, दहा लिरांचा एक. १९८५ साली तोही गेला आणि हजार जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल झाला. ज्या माणसाने दहा हजार लिरा पै पै करून जमवून घरात ठेवल्या होत्या, त्याच्या हाती पाच वर्षांत एक नाणे उरले. अशा पिढीने नाणे टाकून दिले नाही, तर तिला दोष कोण देईल? सहलीला निघताना कुणी ती बरणी पिशवीत रिकामी केली असेल, तर तो कृपणपणा नव्हे. या पैशाचा शेवटी कुणाला तरी उपयोग होईल, असा त्यात भाबडा हेतू असतो.

आणि नेमके तिथेच आपले चुकते. उपयोग आपण आपल्या बरणीचा पाहिला. समोरच्या माणसाचा पाहिला नाही.

एका ज्येष्ठ बंधूंनी यावर मला विचारले, की नाणे सरकारनेच काढले आहे ना? दुकानदार ते घेतो, बँक घेते, मग वेटरनेच नाक का मुरडावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मी दोन हिब्रू शब्दांपाशी येऊन थांबलो. दोन्ही शब्द शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात आहेत आणि दोन्ही अख्ख्या तनाखमध्ये एकेकदाच आले आहेत.

पहिला शब्द अगोरा. १९६० साली लिरेच्या शंभराव्या भागाला नाव द्यायचे झाले तेव्हा तो त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातून उचलला गेला. तो प्रसंग आनंदाचा नाही. एली कोहेनच्या मुलांनी देवाच्या घरात दांडगाई केली, म्हणून एलीला शाप सांगितला जातो: तुझ्या घराण्यात जो कुणी उरेल तो दुसऱ्यापुढे वाकत येईल, चांदीच्या एका अगोरासाठी आणि भाकरीच्या तुकड्यासाठी, आणि मला कुठल्या तरी कामाला लावा म्हणजे घासभर खाईन, अशी याचना करील. आपल्या खिशात खुळखुळणाऱ्या नाण्याचे नाव असे आहे. ज्यासाठी माणसाला वाकावे लागते, ते अगोरा.

दुसरा शब्द नवव्या अध्यायात आहे. वेटरला जे देतात त्याला हिब्रूत लोक टिप म्हणतातच, पण शुद्ध शब्द आहे ‘तेशेर’. त्याची संगती दोन प्रकारे लावतात. काहीजण त्यात ‘तोसेफेत शेरूत’, म्हणजे सेवेची भर, या शब्दांची आद्याक्षरे वाचतात. दुसरे त्याचे मूळ ‘तेशुरा’ या प्राचीन शब्दात पाहतात, आणि मला ही दुसरी संगती अधिक भावते. कीशची गाढवे हरवली. त्याचा मुलगा शाऊल एका नोकराला बरोबर घेऊन ती शोधायला निघाला. एफ्राईमचे डोंगर झाले, शालिशा झाले, गाढवे काही मिळेनात. सूफच्या मुलुखात आल्यावर शाऊल म्हणाला, आता परत फिरू, नाहीतर बाबा गाढवांची काळजी सोडून आपलीच करू लागतील. नोकर म्हणाला, या गावात देवाचा माणूस राहतो, त्याला विचारू. तेव्हा भावी राजाला पेच पडला: त्याच्यासाठी न्यायचे काय? झोळीतली भाकरी संपलेली, आणि नेण्यासारखी तेशुरा जवळ नाही. त्यावर तो नोकर, ज्याचे नावसुद्धा ग्रंथात दिलेले नाही, म्हणाला की माझ्यापाशी पाव शेकेल चांदी आहे, ती देऊ.

पाव शेकेल म्हणजे त्या काळच्या मापाने तीन ग्रॅमहूनही कमी चांदी. तेव्हा नाणी नव्हती. चांदी तोलून देत. म्हणजे सुटे पैसेच म्हणा ना. पण बंधुभगिनींनो, हे पाहा, की तेशुरा घेऊन जाणारा खाली उभा आहे आणि घेणारा वर. तेशुरा ही ज्याच्याकडून आपल्याला काही हवे आहे, ज्याच्या दारी आपण आलो आहोत, त्याच्यापुढे ठेवायची वस्तू आहे. आपल्या मराठीतला शब्द याच्या अगदी उलट आहे. बक्षीस हा फारसीतून आलेला दरबारी शब्द. तो सिंहासनावरून खाली येतो. ‘बक्षिशी दिली’ म्हणताना आपण नकळत पाटावरून गादीवर जाऊन बसतो. आणि चिल्लर हा शब्द तर आपण माणसांनाही लावतो.

मुंबईतली एक आठवण सांगतो. डोंगरीजवळच्या एका इराण्याकडे वडील मला महिन्यातून एकदा नेत. पावमस्का, चहा, क्वचित आम्लेट. वेटर बिल कागदावर लिहीत नसे. आपण उठलो की तो गल्ल्याकडे तोंड करून आकडा ओरडे. बशीत बडीशेप येई. बहुतेक लोक त्या बडीशेपेतच नाणे खुपसून जात. वडील तसे करीत नसत. ते चवन्नी हातात घेऊन थांबत, वेटर जवळ आला की त्याच्या हातावर ठेवीत आणि “चहा छान होता, दादा” असे काहीतरी बोलत. चवन्नीला तेव्हा मोल होते. ती पुढे भारत सरकारने २०११ साली चलनातून काढून घेतली. वडील गिरणीत कामाला होते. ती चवन्नी त्यांना स्वस्त नव्हती. नाणे एकच होते, पण ते निवडून काढलेले होते. सुटे पैसे देणे म्हणजे अपमान, असे मी म्हणत नाही ते यासाठी. खिशात जे मोलाचे आहे त्यातले काही देणे वेगळे, आणि खिशाला ज्याचे ओझे झाले ते झटकणे वेगळे. वेटरला हा फरक एका नजरेत कळतो. आपल्यालाही कळला असता, जर महिन्याच्या शेवटी मालकाने आपला पगार दहा अगोरोतच्या पिशवीत दिला असता.

पगाराचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मी निवडलेली दोन वचने याच पाराशात, देवारीमच्या चोविसाव्या अध्यायात आहेत. गरजू मजुराला नाडू नका, मग तो आपला भाऊबंद असो की परका. त्याची मजुरी त्याच दिवशी द्या, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, असा त्यांचा आशय आहे. आता कुणी म्हणेल, वेटर हा मालकाचा मजूर, आपला नव्हे. या देशाच्या न्यायालयांतही या प्रश्नाचा बराच खल झाला. २०१८ साली राष्ट्रीय कामगार न्यायालयाने असा निर्णय दिला की ग्राहक ठेवून जातात ती टिप पगाराचाच भाग मानावी, आणि २०१९ च्या जानेवारीपासून ती मालकाच्या हिशेबवहीत यावी. यातून वेटरला निवृत्तिवेतनासारखे हक्क मिळाले, तसे नवे वादही निर्माण झाले. त्यांत मी शिरत नाही. माझ्यापुरता अर्थ एवढा, की मेजावर आपण जे ठेवतो ते दान नव्हे, औदार्यही नव्हे. ते मजुरीचे पैसे आहेत, आणि ते देणाऱ्यांत आपण आहोत. त्या संध्याकाळी किन्नेरेतवर सूर्य मावळला तेव्हा चार मुलांची मजुरी आपण देऊन आलो नव्हतो. बारा टक्क्यांनी तीनशे पासष्ट होतात. आपण निम्मेसुद्धा ठेवले नाहीत.

आणि दान असते, तरीही रीत चुकलीच असती. दान देताना तोंड वाकडे करणाऱ्याने हजार सोन्याची नाणी दिली तरी त्याचे पुण्य गेले, असे राम्बाम लिहितात. जिथे कुणी मागायला आलेला असतो तिथे ही अट आहे. मग ज्याने आपल्याला जेवण वाढले त्याच्याशी किती जपून वागायला हवे!

व्यवहाराचे चार शब्द आता बोलतो, कारण सभेनंतर चहाच्या वेळी मला तेच विचारले जाणार आहे. या देशात बसून जेवल्यावर दहा ते पंधरा टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. बारा धरा, म्हणजे फार विचार करावा लागत नाही. दोनशे चाळीसचे बिल झाले तर तीस ठेवा: वीसची नोट आणि दहाचे नाणे. ते दहाचे नाणे, ज्यावर खजुराचे झाड आहे, पाचचेही, दोनचेही, कुणाला लागत नाही. रक्कम पुरी करायला एकदोन शेकेल सुटे घातले तर त्यात गैर काहीच नाही. एकट्याने कॉफी प्यालात, बिल सोळा झाले आणि दोनचे नाणे ठेवलेत, तर ते उत्तम. फलाफेलच्या गाडीवर फळीपाशी पेला ठेवलेला असतो, त्यात अर्धा शेकेलही शोभतो, कारण तिथे कुणी तासभर तुमच्यामागे उभे राहिलेले नसते. टॅक्सीवाल्याला टिप देण्याची इथे फारशी रीत नाही. वरचे सुटे परत घेतले नाहीत तरी पुरे. मात्र दहा अगोरोतचे नाणे कुठल्याही मेजावर ठेवू नका. सरकारने एक अगोरा १९९१ साली बंद केला, पाच अगोरोत २००८ साली. उरलेले हे सर्वांत धाकटे नाणे देवघेवीत चालते, पण मोबदल्यात ते खड्यासारखे लागते. बिलात गटासाठी सेवाशुल्क आधीच धरले आहे का, ते वाचून पाहा, नाहीतर दोनदा द्याल. कार्डाने द्यायचे असेल तर आधी विचारा, की ते वाढणाऱ्याला मिळते ना. असे विचारण्यात संकोच कसला? आणि पैसे वाटीखाली, रुमालात, उष्ट्यात ठेवू नका. हातात द्या, निदान स्वच्छ बशीत ठेवा, आणि त्या माणसाकडे पाहा.

जेवण वाईट असले तर काय, असे एका भगिनींनी कालच विचारले. वाईट असेल तर बोलावून सांगा. बशीत एकच नाणे ठेवून सांगू नका. स्वयंपाकघरातली चूक वाढणाऱ्या पोरीच्या वाट्यातून वसूल करणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

उरला प्रश्न बरणीचा. त्याच दहा अगोरोतला, त्याच अर्ध्या शेकेलला आपल्याकडे मानाची जागा आहे. एस्तेरच्या उपवासाच्या दिवशी आपण अर्ध्या शेकेलची तीन नाणी शोधत फिरतो आणि मिळाली नाहीत तर शेजाऱ्याकडून घेतो. शेमोतमध्ये तर अट आहे, की अर्धा शेकेल म्हणजे अर्धाच: श्रीमंताने वाढवू नये, गरिबाने कमी करू नये. सगळ्यांनी मिळून द्यायच्या वस्तूला लहान नाणे शोभते, कारण तिथे ते मोजणीचे नाणे असते, प्रत्येक माणसामागे एक. त्या दिवशी आपल्या मेजावरही माणशी एक हिशेब व्हायला हवा होता. मी तो केला नाही, ‘काहीतरी’ म्हणालो.

तीन आठवड्यांनी कळल्यावर मी दोनशे तीस शेकेल एका लिफाफ्यात घातले, नोटांत, आणि बसने उत्तरेला गेलो. उपाहारगृहात दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. मुलगी मेजे पुसत होती. मी लिफाफा दिला आणि कशासाठी ते सांगितले. तिने तो उघडून पाहिला नाही. हिब्रूत तिने मला एकच विचारले: हे सगळ्यांनी मिळून दिले, की तुम्ही एकट्यांनी? मी तिच्या आजोबांच्या वयाचा माणूस. खोटे बोलता आले असते. पण एवढा प्रवास करून खोटे बोलायचे माझ्या जिवावर आले. मी म्हणालो, एकट्याने. तिने लिफाफा माझ्या हातात परत ठेवला, फार अदबीने, आणि मला लिंबू सरबत आणून दिले. त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

तो लिफाफा माझ्यापाशी तसाच आहे.

सुक्कोतच्या मधल्या दिवसांत आपली पुढची सहल आहे. कार्यकारिणीच्या संमतीने मी कळवू इच्छितो, की या वेळी दर माणशी शंभर शेकेल घेतले जातील. त्यांत जेवण अठ्ठ्याऐंशीचे आहे, आणि वरचे बारा वाढणाऱ्यांचे. ते मी नोटांत बदलून घेईन आणि निघण्याआधी तुम्हां सर्वांसमोर त्यांच्या हाती देईन. ज्यांना गेल्या वेळचे राहिलेले सहा शेकेल द्यायचे आहेत, त्यांनी ते माझ्याकडे द्यावेत. सक्ती नाही, नावे लिहिली जाणार नाहीत. अडतीस जणांचे दोनशे अठ्ठावीस होतात. ते जमले की मी माझे पैसे लिफाफ्यातून काढून तुमचे घालीन आणि पुन्हा एकदा उत्तरेला जाईन.

बरणी घेऊन आलात तरी हरकत नाही. दाराशी डाव्या हाताला त्सेदाकाची पेटी आहे, तिच्यात ती रिकामी करा. ती नाणी मोजायचे काम या वर्षी माझ्याकडे आहे.

शालोम.